रामिरोच्या नावाला उत्तर

चिलीच्या किनाऱ्यावरच्या तोमे गावात, कापडाच्या गिरणीत, एदुविनाने उभा जन्म मागावर काढला. आईमागे धाकट्या भावाला, अबेलार्दोला, तिनेच वाढवलं. पुढे त्याने कामधंदा सोडून कविता धरल्या, तेव्हाही पोसलं तिनेच. कवीच्या घरात चूल कोण पेटवतं हे कवितेत कधी येत नाही.

तिचा एकुलता एक मुलगा रामिरो. लष्कराच्या राजवटीत शिपायांनी त्याला दारातून उचलून नेलं. तो परत आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही. बाई मात्र हट्टाची. त्याच्या शांतीसाठी प्रार्थना ठेवू का, असं पाद्रीबाबांनी विचारलं, तर "मेलेल्यांसाठी ठेवा!" म्हणून तिने त्यांना दार दाखवलं.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत लिहिणाऱ्या कवींना लष्करानंतर आलेलं लोकांचं सरकार एक मोठा पुरस्कार देतं. निकालाचा फोन खुद्द मंत्री करतात. त्या वर्षी संध्याकाळच्या चहाला पाव आणि अवोकाडो मांडलेले असताना तो फोन अबेलार्दोला आला. म्हातारा पोरासारखा रडला. गल्ली घरात लोटली. सगळे गेल्यावर तो हळूच म्हणाला,

"एदू, समारंभात रामिरोवरची कविता वाचायचीय. परीक्षकांनी तीच निवडलीय."

"ज्यात तू त्याला पुरलायस ती?"

"पुरलं कुठे गं? आठवण काढलीय."

"आठवण गेलेल्यांची काढतात. माझं पोर गेलेलं नाही."

"इतकी वर्षं झाली, एदू..."

"झाली तर झाली! तुला बक्षीस मिळालं, मला काय मिळालं रे?"

पुढे ती त्याच्याशी बोलली नाही. पण त्याचा पांढरा सदरा इस्त्री केला आणि समारंभासाठी राजधानीला, सान्तियागोला, निघालेल्या बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसली. भावाचा अभिमान आणि भावाचा राग, दोन्ही एकाच पोटात.

सभागृहात मंत्री, फुलं, कॅमेरे, सगळा थाट होता. अबेलार्दोने कविता सुरू केली. पहिल्याच ओळीत नाव होतं: रामिरो बास्तीदास. आमच्या चिलीत अशा नाहीशा झालेल्याचं नाव कुणी पुकारलं, की जमलेले लोक त्याच्या वतीने 'हजर' म्हणतात. एदुविना असल्या सभांना कधी फिरकलीच नव्हती. सारं सभागृह उठलं आणि एका आवाजात म्हणालं, "हजर!"

एदुविना ताडकन उभी राहिली.

"तुम्ही कोण त्याच्या वतीने बोलणारे? नाव त्याचं घेतलंय ना? मग त्यालाच बोलू दे!"

मंत्री खाली बघू लागले. अबेलार्दोने पुस्तक मिटलं. मग रामिरो लहान असताना त्याला अंगणातून जेवायला बोलवायचा तशी त्याने हाक मारली,

"रामिरो!"

या वेळी 'हजर' कुणी म्हणालं नाही. एदुविना दाराकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन खाली बसली.

"वाच," ती भावाला म्हणाली. "आता वाच."