टॉवर राखणारे आमचे झोंडवायो भावजी

माझे थोरले दीर झोंडवायो टॉवर राखायचे. न्खाटा बे बंदराच्या वरच्या अंगाला आमची वस्ती आहे, डोंगरावर टॉवर आणि खाली तलाव. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्याला, वोंगानीला, भावजींनीच लहानाचं मोठं केलं. स्वतः मात्र पाण्याला असे घाबरायचे की गुडघ्याच्या वर कधी गेले नाहीत.

गेल्या वर्षी टॉवरवर नवा अँटेना बसला आणि भावजी दारोदार सांगत सुटले, "जुना सगळीकडे सारखाच ओरडायचा. हा शहाणा आहे. जिकडे जास्त माणसं बोलतायत तिकडे तोंड फिरवतो, आणि जवळच्याशी हळू बोलतो."

"म्हणजे सासूबाईंच्या अगदी उलट," मी म्हटलं. ते इतके हसले की तोंडातला नसिमाचा, मक्याच्या उकडीचा घास घशात अडकला.

जुलैत एका शनिवारी तलाव खवळवणारा म्वेरा वारा सुटला. रात्री उसिपा मासळी धरायला गेलेल्या बाकी सगळ्या होड्या सकाळी परत आल्या. वोंगानीची आली नाही.

आमच्याकडे होडी चुकली की अख्खा किनारा फोन लावतो. जो लावणार नाही त्याला काळीजच नाही, असं समजतात. दुपारपर्यंत दोनशे माणसं वाळूवर जमली आणि जो तो वोंगानीलाच लावत होता. मीही.

तेवढ्यात भावजी डोंगरावरून धावत आले. "बंद करा! सगळ्यांनी फोन बंद करा!"

"वा रे वा," म्वाले म्हातारा खेकसला. "सख्खा भाऊ पाण्यात, आणि हा म्हणतो गप्प बसा!"

"काका, ऐका तरी! तुम्ही सगळे एकदम लावताय म्हणून टॉवरनं तोंड तुमच्याकडे केलंय. सगळी ताकद इथंच खर्च होतेय. पाण्यावरचा एकटा फोन त्याला ऐकू येईना. आणि तो फोन तिकडे जीव खाऊन ओरडतोय, त्याची बॅटरी संपेल हो!"

कुणी हललं नाही. मग भावजी वाळूत गुडघे टेकून बसले आणि हात जोडून रडायला लागले. तेव्हा कुठे लोकांनी फोन बंद केले.

सासूबाईंसकट आम्ही घरची माणसं त्यांच्यामागून टॉवरच्या खोलीत गेलो. वस्तीतून किती फोन लावले जातायत ते तिथल्या पडद्यावर दिसायचं. भावजी मोठ्यानं वाचत होते. नव्वद. चाळीस. अकरा. दोन.

दोनावरच अडलं.

"कुणीतरी दोघं त्याला सारखे लावतायत. माझा लागतच नाही, बिझी येतोय. कोण आहे? देवाशपथ सांगा, कोण आहे?"

माझा फोन कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडात होता, आणि बोट बटणावर. मला त्याचा आवाज हवा होता, बास. सगळ्यांनी बंद केलेत, माझ्या एकटीच्या फोननं काय होणार? अर्धा तास मी दाबत राहिले. शेवटी माझी बॅटरी मेली. पडद्यावर एक झालं. थोड्या वेळानं तेही गेलं.

भावजींनी लावला आणि लागला.

"दादा, इंजिन गेलं. पाणी भरतंय, दादा, आम्ही..."

तुटला. पुन्हा लागलाच नाही. पण अँटेनानं कुठल्या बाजूला तोंड केलं होतं ते पडद्यावर राहिलं. भावजी बाहेर आले आणि त्या दिशेला हात ताठ धरून उभे राहिले. खाली चार होड्यांनी तीच दिशा धरली, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. मग धावत जाऊन शेवटच्या होडीत तेही चढले.

होडी सापडली, पालथी. वोंगानीचे दोन जोडीदार तिला धरून लटकले होते. "आत्ता हात सुटला त्याचा," एवढंच ते म्हणत होते. "अगदी आत्ता."

सहा महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. एक दिवस भावजी अंगणात कसाव्याचे कंद सोलत बसले होते. माझ्यानं राहवेना.

"भावजी, त्या दोघांतली एक मी होते."

त्यांची सुरी थांबली नाही. "ठाऊक आहे, पोरी."

मला तिथंच रडू फुटलं. डोळे पुसत विचारलं, "आणि दुसरं कोण?"

त्यांनी आत चुलीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"आई. मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस."