जुन्या डिस्कवरची मराठी

आमचा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बायको बटण दाबून ओट्याकडं जायची, चहा उकळून, गाळून परत यायची, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. "उठतंय बिचारं हळूहळू," म्हणायची. मला वाटायचं. कळंबच्या मोंढ्यात, धान्याच्या एका आडतीवर पोत्यांची आवक-जावक बघण्यात माझी इतकी वर्षं गेली. जे काम लवकर होऊ शकतं ते उशिरा होत असेल, तर कुठंतरी काहीतरी अडकलंय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

अडकलं होतं ते हार्ड डिस्कमध्ये. जुन्या लॅपटॉपात एक तबकडी गरगर फिरत असते आणि एक बारीक दांडी तिच्यावर हवी ती माहिती शोधत हिंडते. नव्या एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून ती चटकन काम करते. बाकी लॅपटॉप धडधाकट होता. पडदा चांगला, कळा चांगल्या. फक्त आतली डिस्क बदलली तर तो अजून काही वर्षं चालेल, असं मी बरंच वाचून आणि व्हिडिओ बघून ठरवलं.

बायकोला ते पटलं नव्हतं.

"चालतंय ना? मग कशाला पोट फाडायचं त्याचं?"

"आतलं सगळं जसंच्या तसं राहील."

"माझ्या नाटिका हायत त्यात."

"माहीत आहे मला."

"दुसरीकडं कुठंच न्हायत, हे पण माहीत असू द्या."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर वर्षी गॅदरिंगसाठी तिच्या वर्गाची नाटिका ती स्वतः लिहिते. तयार नाटिका बाजारात मिळतात, पण त्यांत पाच-सहा पोरं बोलतात आणि उरलेली मागं झाडं होऊन उभी राहतात, हे तिला चालत नाही. लिहिलेली नाटिका छापून ती पोरांना वाटते आणि त्या प्रती काही परत येत नाहीत. त्यामुळं तिचं इतक्या वर्षांचं लिखाण एकाच ठिकाणी होतं, आणि तेच मी उघडायला निघालो होतो.

एसएसडी आणायला धाराशिवला गेलो. दुकानदारानं लॅपटॉपचं मॉडेल विचारलं, माल काढून दिला आणि म्हणाला, "काका, लॅपटॉप घेऊन या. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवून देतो. तुम्हाला कळणार पण न्हाय बदलली म्हणून."

"जुना कचरापण उतरंल ना मग?"

"तो तर उतरंलच."

"मग नको. मी कोरी विंडोज टाकतो आणि लागतं तेवढंच घेतो."

"तुमची मर्जी," तो हसून म्हणाला. "अडलं तर फोन करा. लाजू नका."

रविवारी सकाळी पलंगावर पांढरी चादर अंथरली. लॅपटॉप पालथा घातला. कागदावर त्याची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच तो कागदावर ठेवला, कारण सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतून कळांना टोचतो. आधी बॅटरीची वायर सोडवली. मग डिस्क बाजूला सरकवून बाहेर काढली. वर बोटभर धूळ होती. नवी डिस्क त्याच चौकटीत बसवली. पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकली. जुनी डिस्क एका बाहेरच्या डबीत घालून वायरीनं जोडली आणि बायकोच्या फोल्डरमधलं सगळं नवीवर उतरवलं.

मग तपासणी. इकडच्या फायली किती, तिकडच्या किती. इकडचा आकार किती, तिकडचा किती. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं.

आडतीवर आमचा एक शिरस्ता आहे. दिवसभर आलेली पोती काळ्या फळ्यावर खडूनं मांडतात. संध्याकाळी ती गोदामातल्या थप्पीशी जुळली की फळा लगेच पुसायचा. पुसला नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तीच पोती पुन्हा मोजतो आणि घोळ होतो. जुळल्यावर पुसण्यात जे समाधान आहे ते मला दुसऱ्या कशात मिळत नाही. मी जुनी डिस्कही पुसली. म्हणजे फॉरमॅट केली, तीही पक्की, एकेक कोपरा कोरा करणारी. पुढं फोटो ठेवायला उपयोगी पडेल, असा विचार होता. दुपारचं जेवण होईस्तोवर ते काम आटोपलं.

मग बायकोला हाक मारली. ती शेंगदाण्याची चटणी कुटत होती, हात पुसत आली. मी बटण दाबलं आणि ती खुर्चीवर नीट बसायच्या आत पडदा उजळला.

"अगं बाई! मला चहा तरी करू द्यायचा की."

मला फार बरं वाटलं.

सोमवारपासून तिला तालीम सुरू करायची होती. यंदा नवं लिहायला सवड झाली नव्हती, म्हणून जुनीच एक नाटिका काढायची ठरली होती: एस.टी. गावाच्या फाट्यावर का थांबत नाही, यावरची. तिनं ती फाईल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. नुसती अक्षरं, शब्द नाहीत. मध्येच कंस, मध्येच स्वल्पविराम, मध्येच एखादं कॅपिटल. पानभर तसंच. तिनं दुसरी नाटिका उघडली. तीही तशीच. तिसरीही.

"हे काय हो?"

मी माऊस घेतला. फोटो उघडले, ते ठीक. शाळेला आलेली परिपत्रकं उघडली, त्यांतली मराठी ठीक. बिघडलं होतं ते फक्त तिनं स्वतः लिहिलेलं.

"जुनी डिस्क जोडा परत," ती म्हणाली.

"ती पुसली."

"कधी?"

"आत्ता. सगळं जुळल्यावर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "सहलीला नेलेली पोरं नुसती मोजून परत आणली म्हणा की," ती म्हणाली. "तोंडं बघितलीच न्हाईत. आपलीच हायत का दुसऱ्या शाळंची, कोण बघणार?"

मी पुन्हा फायली मोजायला लागलो. मोजून काही होणार नव्हतं, पण हाताला दुसरं काम सुचत नव्हतं. दुकानदाराला फोन लावला, तर रविवार असल्यानं तो उचलत नव्हता. जी नक्कल तो करून देणार होता तिच्यात या नाटिका बिघडल्या असत्या का, हा प्रश्न डोक्यात फिरत होता आणि त्याचं उत्तर मला नको होतं.

बायको पडद्याकडंच बघत बसली होती. तिचे हात टेबलाच्या कडेवर होते. बघता बघता उजव्या हाताची बोटं हलायला लागली. एक, दुसरं, तिसरं, मग डाव्या हाताची करंगळी एकदाच, मग उजवी करंगळी.

"सरपंच," ती म्हणाली.

"काय?"

"हे बघा ना. एल, जे, आय, ए, पी. सरपंच. एलवर स, जेवर र, आयवर प, एवर अनुस्वार, पीवर च." तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि टेबलावर पुन्हा बोटं नाचवली. "सरपंच म्हणतोय, गाडी आली का रे. अहो, बिघडलेलं काही न्हाय ह्यात. मीच टाइप केलंय हे."

हळूहळू माझ्याही ध्यानात आलं. नोकरी लागण्याआधी ती कळंबमध्येच मराठी टायपिंग शिकली होती. कळांवर पुठ्ठा झाकून, न बघता. कॉम्प्युटर आला तेव्हा तिनं तीच बोटं चालवता येतील असा जुना मराठी फॉन्ट घेतला. मोबाइलवर ती आता सगळ्यांसारखंच लिहिते, पण नाटिका मात्र त्याच फॉन्टात. त्या फॉन्टाची गंमत अशी, की कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरंच साठवतो. एल दाबलं की एलच साठतो. फॉन्ट फक्त त्याला पडद्यावर 'स' म्हणून उभा करतो. तो फॉन्ट तिच्या फोल्डरात नव्हता. तो जुन्या विंडोजच्या पोटात होता, आणि ती मी कचरा म्हणून मागं सोडून वर फॉरमॅटही केली होती. मी उतरवलेल्या फायलींत एक अक्षर कमी नव्हतं. मराठी मात्र त्यांत कधी नव्हतीच.

"फॉन्ट मिळेल उद्या कुठंतरी," मी म्हणालो. "तहसीलच्या बाहेर ॲफिडेव्हिट टाइप करतात त्यांच्याकडं."

"उद्या दहाला माझी तालीम हाय. वही घ्या. मी वाचते, तुम्ही लिहा."

दुपारभर आम्ही तेच केलं. ती पडद्यावरच्या ओळीकडं बघायची, टेबलावर बोटं चालवायची आणि बोटं जे म्हणतील ते बोलायची. सुरुवातीला एकेक शब्द, मग सरळ वाक्यं. मी लिहीत होतो. वांग्याची पाटी घेऊन आठवडी बाजाराला निघालेली म्हातारी, तिच्या पदराचा शेव खाणारी शेळी, "आमी हितंच थांबतो, तुमी गाडी थांबवा" म्हणणारा पहिलवान. शेळीला पण संवाद होता. कंडक्टर तिला तिकीट विचारतो, तेव्हा ती म्हणते, "माझं अर्धंच फाड, मी उभ्यानं जाते." मला लिहिता लिहिता हसू आलं.

"गॅदरिंगला आला होतात की तुम्ही तेव्हा."

"मागं बसलो होतो. माइक घरघरत होता."

"माइकच बरा सापडला तुम्हाला," ती म्हणाली, पण आवाजातला ताण गेला होता.

अधूनमधून ती थांबायची. बोटं थांबायची, डोळे मिटायची, मग एखादं वाक्य सांगायची. अक्षर लागत नसेल असं समजून मी वाट बघायचो.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन शाळेला गेली आणि मी आडतीवर जायच्या आधी तहसीलकडं गेलो. तिथं लिंबाखाली टेबल टाकून बसणारे एक चाचा आहेत. त्यांना मी फॉन्टाबद्दल विचारलं.

"तोच फॉन्ट? अहो साहेब, तो गेला तर उद्या तहसील बंद पडंल," ते म्हणाले. "पेन ड्राइव्ह द्या इकडं. आणि खरं सांगा, विंडोज बदलली ना? लई लोक येतात. तोंड असंच पडलेलं असतं सगळ्यांचं."

संध्याकाळी फॉन्ट टाकला. फाईल उघडली, आणि सगळी मराठी आपापल्या जागी उभी राहिली. सरपंच, म्हातारी, पहिलवान, शेळी. बाकीच्या नाटिकाही एकेक उघडून बघितल्या. या खेपेला मोजल्या नाहीत, प्रत्येकीचं पहिलं पान वाचलं. मग त्या फायली आणि फॉन्ट दोन्ही दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले.

बायको ताटं वाढत होती, तोवर मी वही आणि फाईल शेजारी घेऊन ताडून बघायला बसलो. बऱ्याच ओळी शब्दाशब्दाला जुळत होत्या, याचंच मला नवल वाटत होतं. पण वहीत एक पात्र जास्त होतं. फाईलमध्ये गाडीची घंटी कंडक्टरच वाजवत होता. वहीत मात्र घंटीची दोरी ओढायला एक मुलगी होती. ती सुरुवातीपासून दोरी धरून उभी असते आणि शेवटी तिनं ओढली की गाडी थांबते.

"हे मूळ फाईलमध्ये नाही," मी म्हणालो. "तुझी वाचायला चूक झाली."

"चूक कशी होईल? आवंदा पटावर एक पोरगी वाढलीय," ती आतूनच म्हणाली. "दिवाळीनंतर आलीय. घरी त्यांची बोली वेगळी. वर्गात अजून तोंड उघडलं न्हाय तिनं. तिला काय देणार? म्हणून दोरी दिली."

"काल वाचता वाचता?"

"मग कधी? तुम्हाला वाटलं मला अक्षर लागंना?"

मी वहीकडं बघितलं. कुठं ती थांबली होती ते माझ्याच अक्षरावरून कळत होतं. तिथं ओळी जरा वर-खाली गेल्या होत्या.

"तालमीला ओढली का तिनं दोरी?"

"ओढली. लवकर ओढली. गाडी यायच्या आधीच. पोरं लई हसली."

"आणि ती?"

"हसली की ती पण."

मी म्हणालो, "मग ह्या फाईलमध्ये घालून टाकू का तिला?"

"न्हाय, न्हाय. त्या फायलीला हात लावू नका. ती त्या वर्षीच्या पोरांची हाय. दुसरी करा, ह्या पोरांची." ती हात धुऊन आली, मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. फाईलची नक्कल करून दिली तेवढंच माझं काम. कळांकडं न बघता तिनं पात्रांच्या यादीत नवं नाव घातलं, मग एकेक प्रवेश खाली जात शेवटाला आली.

"इथं तिला संवाद काय?" मी विचारलं.

"सध्या काही न्हाय."

"मग कंसात लिही, दोरी ओढते."

"ते लिहिते. पण ओळ तिच्या नावाची ठेवते. बोलली तर घालू."

तिनं 'घंटीवाली' टाइप केलं, पुढं दोन टिंबं दिली, आणि ओळ मोकळी सोडून खाली गेली.