दीडशेची रेघ

माझा धाकटा भाऊ वाहतूक खात्यात आहे. मोटरसायकलींच्या रस्ताकराचे दर त्याच्या टेबलावर आकार घेतात. ते ठरतात कसे, असं मी एकदा विचारलं.

"वर्षाला एवढी रक्कम हवी, हे वरून येतं. मग इंजिन केवढं, गाडी किती जुनी, शेजारच्या राज्यांनी काय दर लावलेत, हे बघत बघत आम्ही तिथवर पोचतो."

उत्तर आधी पाहून गणित सोडवणाऱ्या पोरांवर मी जन्मभर डाफरलो, आणि एक घरातच निघाला.

यंदा छोट्या इंजिनांना सवलत द्यायची होती. छोटं कुठपर्यंत? त्याच्या हिशेबात रेघ दीडशे सीसीवर येत होती. कामावर जाणाऱ्यांच्या बहुतेक गाड्या त्यात बसत होत्या. पण त्याची स्वतःची गाडीही नेमकी दीडशेची! तो कासावीस होऊन माझ्याकडे आला. निवृत्त शिक्षकाकडे सल्ला मागायला येतो कोण? मी पुरेपूर फायदा घेतला.

"रेघ सव्वाशेवर आण. आपल्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये."

बिचाऱ्याने ऐकलं. मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला आणि पहिली हरकत त्याच्या बायकोची आली. ती घरोघरी जाऊन रुग्णांची मलमपट्टी करते. चढावरच्या वस्त्यांसाठी तिला दीडशेचीच गाडी घ्यायची होती आणि सवलतीविना कर झेपणारा नव्हता.

"यांच्या अब्रूचा कर मी का भरू, भावजी?" तिने मला विचारलं. मी चष्मा पुसत बसलो.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "सव्वाशे कशावरून?"

भावाला खोटं बोलता येत नाही. "माझी गाडी दीडशेची आहे, साहेब."

"आणि तुमच्याकडे सायकल असती तर रेघ कुठे गेली असती?"

"दादा म्हणाले तसं केलं."

हे दादा कोणत्या खात्यात असतात, अशी साहेबांनी चौकशी केल्याचं कळतं.

रेघ दीडशेवर परत गेली. भावजयीने गाडी घेतली. आता कचेरीत भावाला टोमणे: "काय हो, बायकोसाठी अख्खा कर हलवलात!" रविवारी तो पडेल चेहऱ्याने आला. "दादा, आता मी काय करू?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात भावजयीने तिचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं. "चला भावजी, मागे बसा. एक चक्कर मारून आणते."

हेल्मेटच्या आतून दिलेला सल्ला बाहेर कुणाला ऐकू येत नाही, हे मला गाडी सुरू झाल्यावर कळलं. तिला ते आधीच ठाऊक असावं.