सिंहावरचा राखणदार

"हाय का? हाय." आप्पा शर्टाचा वरचा खिसा चाचपायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. साखर जोखताना, उदबत्ती लावताना, दिवसातून पन्नासदा. उदगीरला त्यांच्या किराणा दुकानाला लागूनच माझं घर. खिशात काय आहे, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. जॉर्जियाचं एक नाणं.

त्यांची एकुलती, आईविना वाढलेली लेक डॉक्टरकी शिकायला तिकडे गेलेली. पहिल्या सुट्टीत तिनं ते आणलं. एका बाजूला सात पंखांचं सूर्यचक्र, त्या देशाचं चिन्ह. आप्पा म्हणायचे, "हे तर गिरणीचं चाक!" दुसऱ्या बाजूला सिंहावर बसलेलं कुणीतरी. रोज लिंगपूजा आटोपली की त्यालाही विभूतीचं बोट लागायचं. "आपली देवी तिथंबी हाय बघा, मास्तर."

मी शाळेत इतिहास शिकवलेला. भिंग लावून पाहिलं, तर तो पुरुष आणि हातात क्रूस. त्यांचा संत. म्हटलं, कशाला बोला! बिचाऱ्याला तेवढाच आधार.

अहो, माणसानं भ्यावं तरी किती! तिकडे बर्फ पडला की यांचं जेवण सुटायचं. गेल्या थंडीत दोन दिवस लेकीचा फोन लागेना. भर बाजाराच्या दिवशी शटर ओढून आप्पा माझ्या ओसरीवर आले. हातातलं नाणं दोनदा फरशीवर पडलं.

"मास्तर, खरं सांगा. ही देवीच हाय ना?"

मी नाणं उचलून त्यांच्या हातात दिलं. "हाव आप्पा, देवीच."

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरीनं पहिल्याच दिवशी सांगितलंय, तिथला साधू हाय म्हणून. लोकं नावं ठिवतील म्हणून देवी म्हणतो. आपल्या देवाला तिथं कोण वळखतंय? तिथलाच राखणदार बरा. पण तुमी भिंगातनं बघूनबी खोटं बोललाव मास्तर. म्हंजी तुमीबी भ्यालाव."

खरंच भ्यालो होतो. संध्याकाळी फोन आला. तिचा मोबाइल बिघडला होता. आप्पा लहान पोरासारखे रडले, आणि मीही.

उन्हाळ्यात आप्पा गेले. झोपेतच. लेक आली, दिवस उरकले. तिचं अजून एक वर्ष बाकी. निघताना तिनं नाणं माझ्या हातात ठेवलं. "काका, आता हे तुमी ठिवा. इथं माझी काळजी करणारं कुणीतरी पायजे ना."

काल तिचा फोन लागला नाही. आजही लागत नाही. सकाळपासून माझा हात खिशावर आहे.

हाय का? हाय.