तेलाचा गोल

माझी लेक मास्तरीण. कॉलेजची पोरं घेऊन ती नेपाळातल्या एका अनाथाश्रमात सेवेला गेली. बायको गेल्यापासून मी घरात एकटाच, म्हणून मलाही नेलं.

तिथं सकाळी मुली एकमेकींच्या डोक्याला तेल लावत होत्या, तेही रांगेत नाही, गोल बसून. प्रत्येकीच्या मागं कुणीतरी होतंच. शेवटची अशी कुणी नव्हती. मी बघतच राहिलो. आईबापाविना वाढणाऱ्या लेकरांना हे सुचलं तरी कसं?

एका चिमुरडीनं सरकून जागा केली. "आजोबा, बसा," असं तिच्या भाषेत म्हणाली.

"अण्णा, टकलाला काय लावणार ती?" लेक हसली.

बायको लावायची, दर रविवारी. ती गेल्यावर या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

मी मांडी घातली. मागून चिमुकले हात फिरू लागले. पुढं एका पोरीचं डोकं वाट बघत होतं. मी तळहातावर तेल घेतलं.