जाळीवरची वेल

माझी बहीण गेली त्या दिवशी तिच्या लॅपटॉपवर आमच्या रोडपालीच्या घराच्या खिडकीच्या जाळीचं ड्रॉइंग उघडं होतं. ती जाळी करून घ्यायची, एवढंच मी ठरवलं.

कळंबोलीतल्या प्रिंटच्या दुकानात मी तिच्याबरोबर पुष्कळदा गेलो होतो, पण तिथल्या गृहस्थांचं नाव कधी विचारलं नाही. मान वर न करता ते प्रत्येकाला एकच विचारतात, "बघायचंय, बदलायचंय की कापायचंय?" बघायला पीडीएफ, बदलायला डीडब्ल्यूजी, कापायला डीएक्सएफ.

"कापायचंय. पत्र्यात," मी म्हणालो.

त्यांनी फाइल बदलली, आणि ड्रॉइंगमधल्या वेलीची वळणं तुटून त्यांचे बारीक सरळ तुकडे झाले.

"चालेल का हे?" मी विचारलं.

"मशीनला चालेल हो. मॅडमना चाललं असतं का? मागे एकदा असल्याच कामावरून केवढ्या डाफरल्या होत्या माझ्यावर!" ते हसले. मग चष्मा पुसून त्यांनी एकेक वळण हाताने पुन्हा जोडलं. दुपार त्यातच गेली. पेनड्राइव्ह देताना म्हणाले, "एक पान जरा वाकडं आहे. मी सरळ नाही केलं. ते त्यांचं आहे."

जाळी आता खिडकीला बसली आहे. आई रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसते.