दसऱ्याला गेलेली डिस्क

गोव्यातल्या तुये गावच्या औद्योगिक वसाहतीतली ती तक्रार मी अजून विसरलेले नाही. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, पण तेव्हा मी पेडणे पोलीस ठाण्यात नवी उपनिरीक्षक होते.

साचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे मालक ठाण्यात आले. साच्यांची सगळी रेखाटने एका कॉम्प्युटरच्या एसएसडीमध्ये, म्हणजे नव्या जातीच्या, आवाज न करणाऱ्या डिस्कमध्ये होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला, तर तो सुरूच होईना. ड्रॉइंग करणाऱ्या दोडामार्गच्या मुलीने त्याच आठवड्यात राजीनामा दिला होता.

"जाता जाता सगळे पुसून गेली," मालक म्हणाले.

"दुसरी प्रत ठेवली नव्हती?"

"ठेवली होती ना. त्याच कॉम्प्युटरात, दुसऱ्या फोल्डरात."

मी हसू आवरले आणि तक्रार लिहून घेतली. संध्याकाळी निनावी फोन आला. दसऱ्याला पूजेआधी ती मुलगी केबिनमध्ये एकटीच होती, एवढे सांगून त्या माणसाने फोन ठेवला.

तिला भावासोबत बोलावले. केबिनमध्ये एकटी होते, हे तिने लगेच कबूल केले. फायली नीट लावत होते, म्हणाली. पुढे काय झाले, यावर मात्र गप्प.

आमच्या हवालदारीणबाई वैतागल्या. "गो बाय, तोंड उघड. हांगा कोण तुका खायना!"

"माका म्हायत नाय," ती पुटपुटली.

भाऊ बाहेर मला म्हणाला, "मॅडम, लग्न ठरलाहा तिचा. केस झाली तर मोडतला."

ठाण्यात गप्प माणसावर संशय आधी जातो. मी स्वतः कमी बोलणारी, त्यामुळे मला ते पटत नसे. अटकेची घाई न करता मी डिस्क पंचनामा करून प्रयोगशाळेत तपासणीला पाठवली.

तिकडच्या तज्ज्ञांचा फोन आला. "मॅडम, पुसलेली डिस्क रिकामी दिसते. ही कॉम्प्युटरला दिसतच नाही. जुन्या डिस्का जाण्याआधी बऱ्याचदा खरखरायच्या. ही जात काही न सांगता जाते. डिस्कवर काही साठवले जात असताना वीज गेली होती काय?"

मी कारखान्यात गेले. कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीत होती. वीज गेली तरी कॉम्प्युटर काही वेळ चालू ठेवणारा यूपीएस देवाच्या फोटोखाली, कुंकू लावून, झेंडूच्या सुकलेल्या माळेत.

"पूजेला पुसून मांडला," मालक म्हणाले. "दसऱ्याला यंत्रांना विश्रांती. मेन स्विच दरवर्षी मीच पाडतो."

"तेव्हा कॉम्प्युटर चालू होता?"

ते स्टुलावर बसले. "ती म्हणत होती, शेट, जरा थांबा, फायली अजून सेव्ह होतायत. पण भटजी खोळंबले होते."

मुलीला पुन्हा विचारले, हे आधी का नाही सांगितलेस?

"पूजेमुळे झाला म्हणान कसा सांगू, मॅडम? देवाच्या कामाक नाव कोण ठेवतला?"

गुन्हा झालाच नव्हता. तसा अहवाल देऊन मी प्रकरण बंद केले. रेखाटने परत मिळाली नाहीत. मालकांनी पुढे एक प्रत पणजीला आपल्या भावाकडे ठेवायला सुरुवात केली, आणि स्विच पाडण्याआधी कॉम्प्युटर रीतसर बंद करायलाही.

त्यानंतर माझ्या महत्त्वाच्या फायलींच्या प्रती मी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवते. वस्तू नवी आहे, आवाज करत नाही, म्हणजे ती ठीक आहे असे समजत नाही.

पण त्या प्रकरणाने मला खरे शिकवले ते वेगळेच. पोलिसांनी बोलावल्याची बातमी गावात मुलीच्या आधी पोचते, आणि सोडल्याची बातमी कोणी नेत नाही. मी तिच्या गावच्या पोलीसपाटलांना फोन करून तिचा काही दोष नाही, असे सांगितले. "माका पटला मॅडम, पण लोक बोलतत," ते म्हणाले.

मग एका रविवारी मी युनिफॉर्म घालून दोडामार्गला गेले. तिच्या आईने घरात बसायला सांगितले. मी नको म्हटले, आणि रस्त्यावरून दिसेल अशा ओट्यावर, तिच्याशेजारी बसून, सावकाश चहा प्याले.